दोन बाटल्यांना कायदा आहे, ग्लासाला नाही

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात रोझलिन नावाचं छोटं गाव आहे. ऑक्टोबर 2010 मध्ये तिथल्या एका घरात सेंट्रल वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मुलामुलींची पार्टी झाली आणि त्यातल्या नऊ जणांना रुग्णालयात हलवावं लागलं. पोलिसांना आधी वाटलं, कुणीतरी मुलींच्या पेयात गुंगीचं औषध कालवलं असणार. रक्ताचे अहवाल आले तेव्हा तसं काही निघालं नाही. निघालं ते अल्कोहोल, 100 मिलीलीटर रक्तात 120 पासून 350 मिलीग्रॅमपर्यंत. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 30 मिलीग्रॅम आहे, यावरून त्या 350 चा अंदाज यावा. इतक्या दारूत माणूस बेशुद्ध पडतो, त्याचा श्वास मंदावतो, कधी थांबतोही.

या मुलांनी इतर दारूबरोबर ‘फोर लोको’ नावाचं डबाबंद पेय घेतलं होतं. जवळपास 700 मिलीलीटरचा डबा, 12 टक्के अल्कोहोल, फळांचा गोड स्वाद आणि वरून कॅफिन. हिशेब केला तर एका डब्यात आपल्याकडच्या क्वार्टरपेक्षा किंचित जास्तच अल्कोहोल भरतं. क्वार्टर संपवणाऱ्याला आपण काय करतोय हे निदान कळतं. हा डबा मात्र सरबताच्या चवीनं रिकामा व्हायचा.

पुढच्याच महिन्यात, 17 नोव्हेंबर 2010 रोजी, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशी पेयं बनवणाऱ्या चार कंपन्यांना इशारापत्रं धाडली. अशा पेयांत वरून घातलेलं कॅफिन हे असुरक्षित मिश्रण आहे, असं त्यांत स्पष्ट म्हटलं होतं. फोर लोकोच्या कंपनीनं आदल्याच दिवशी कॅफिन काढून टाकण्याची घोषणा केली होती. त्याआधी 2008 मध्ये तिथल्या मोठ्या बिअर कंपन्यांनीही राज्यांच्या महाधिवक्त्यांशी तडजोड करून आपापल्या पेयांतलं कॅफिन काढलं होतं. म्हणजे डबा बाजारातून गेला. पण त्याच देशात, त्याच रात्री, बारमध्ये वोडका आणि एनर्जी ड्रिंक एकत्र ओतून द्यायला कुणाचीच हरकत नव्हती. आजही नाही. कारखान्यात केलेलं मिश्रण धोक्याचं ठरलं आणि बारच्या टेबलावर केलेलं तेच मिश्रण गिऱ्हाइकाची आवड ठरली.

आपल्याकडची गत याहून वेगळी नाही आणि म्हणूनच हे लिहावंसं वाटलं. दारूची बाटली राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अखत्यारीत येते, एनर्जी ड्रिंकची बाटली अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या. दोन्ही विभागांचे नियम आहेत, दोन्हींचे इशारे छापलेले आहेत. दोन्ही बाटल्या ज्या ग्लासात रिकाम्या होतात, त्या ग्लासाकडे मात्र कुणीच बघत नाही. माझं म्हणणं असं, की या मिश्रणाला आता एक स्वतंत्र धोका म्हणून वागवलं पाहिजे आणि ते विकणाऱ्यावर जबाबदारी टाकली पाहिजे.

आधी शरीरात काय होतं ते नीट समजून घेऊ, कारण याबाबत लोकांचे समज फार पक्के आणि फार चुकीचे आहेत.

मेंदूत ॲडेनोसिन नावाचं एक रसायन असतं. दिवसभराच्या जागरणानं डोळे जड होतात, अंग ढिलं पडतं, ते याच्यामुळे. दारू प्यायल्यावर या ॲडेनोसिनचा प्रभाव वाढतो, म्हणून चार पेग झाले की माणूस जांभया देतो, जिभेवर जडपणा येतो, बसल्या जागी डुलकी लागते. कॅफिन ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. जागाच अडवल्यामुळे ‘थकलास, थांब’ हा निरोप मेंदूत पोचतच नाही. माणसाला तरतरी वाटते. रक्तातली दारू मात्र जिथल्या तिथे असते. ती उतरवण्याचं काम यकृताचं आणि यकृताला कॅफिनशी काही देणंघेणं नाही. ते आपल्या गतीनं, तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. 30 मिलीच्या एका पेगमध्ये सुमारे दहा ग्रॅम अल्कोहोल असतं. त्या हिशेबानं एक क्वार्टर पूर्ण उतरायला सहा ते नऊ तास लागतात. मध्ये तुम्ही काळी कॉफी प्या, लिंबू पिळून प्या, थंड पाण्यानं आंघोळ करा, त्या तासांतलं एक मिनिटही कमी होत नाही. ताप मोजायचा थर्मामीटर बर्फात बुडवून ताप उतरला म्हणण्यातलाच हा प्रकार.

‘काळी कॉफी पाज, उतरेल’ हे आपण इतक्या सहज म्हणतो, की एनर्जी ड्रिंकनं दारू ‘लागत नाही’ हे पोरांना पटायला वेळच लागत नाही. समजूत एकच आहे, पिढी बदलली एवढंच.

ब्राझीलमध्ये संशोधकांनी हे मोजून पाहिलं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 26 तरुणांना वेगवेगळ्या वेळी नुसती दारू, नुसतं एनर्जी ड्रिंक आणि दोन्हींचं मिश्रण दिलं गेलं. मिश्रण घेतल्यावर तरुण सांगत होते, डोकं कमी दुखतंय, अशक्तपणा कमी वाटतोय, तोंड कमी कोरडं पडतंय, हातपायही बरे चालतायत. प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या तेव्हा हालचालींतला मेळ आणि डोळ्यांना दिसल्यावर प्रतिक्रिया द्यायला लागणारा वेळ, दोन्ही नुसत्या दारूइतकेच बिघडलेले होते. श्वासातून मोजलेलं अल्कोहोलही तेवढंच. म्हणजे बिघाड जसाच्या तसा राहिला, फक्त त्याची जाणीव गेली. मोटरसायकलची किल्ली खिशात असलेल्या माणसाच्या बाबतीत जाणीव जाणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात दहा विद्यापीठांतल्या चार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी झाली, ती 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. दारूत एनर्जी ड्रिंक मिसळणाऱ्यांना इजा होणं, दवाखान्यात न्यावं लागणं, दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीत बसणं यांचं प्रमाण नुसती दारू पिणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळलं, तेही किती प्यायले हे विचारात घेऊन. दोन वर्षांनी फ्लोरिडात संशोधकांनी बारमधून रात्री बाहेर पडणाऱ्यांच्या श्वासाची तपासणी केली. मिश्रण पिणाऱ्यांमध्ये अति नशेत बाहेर पडण्याची शक्यता तिप्पट होती आणि ‘आता गाडी चालवणार’ असं म्हणण्याची शक्यता चौपट.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. मिश्रण पिणारी मुलं मुळातच धाडसी, बेफिकीर असतात. ती नुसती दारू प्यायली असती तरी हेच घडलं असतं, कॅफिनला का धरता? नेदरलँड्समधल्या काही संशोधकांनी एकाच माणसाच्या दोन प्रकारच्या रात्रींची तुलना केली आणि मिश्रणाच्या रात्री माणूस जास्त पितोच असं दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. त्यांतल्या प्रमुख संशोधकाला एनर्जी ड्रिंक कंपनीकडून निधी मिळालेला आहे. तेवढ्यावरून निष्कर्ष फेकून देता येत नाहीत, पण वाचताना ते ध्यानात असावं. आणि जास्त पितो की नाही हा अर्धाच प्रश्न आहे. तेवढीच पिऊन आपण शुद्धीत आहोत असं वाटणं, हा उरलेला अर्धा.

याहून वजनदार दाखला युरोपचा. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2015 मध्ये कॅफिनबद्दल सविस्तर मत दिलं. निरोगी प्रौढानं एका वेळी 200 मिलीग्रॅमपर्यंत कॅफिन घेतलं आणि शरीराच्या दर किलो वजनामागे 0.65 ग्रॅमपर्यंत अल्कोहोल घेतलं, तर कॅफिनच्या सुरक्षिततेत फरक पडत नाही आणि एवढ्या प्रमाणात कॅफिन नशेची जाणीव झाकण्याची शक्यता कमी आहे, असं ते मत होतं. एनर्जी ड्रिंकची बाजू मांडणारे हे आवर्जून सांगतात. मीही आवर्जून सांगतो, पण पुढचं गणित करून.

साठ किलोच्या माणसासाठी 0.65 ग्रॅमच्या हिशेबानं 39 ग्रॅम अल्कोहोल होतं. म्हणजे 30 मिलीचे चार पेगही पूर्ण नाहीत. आपल्याकडे पोरं पेग मोजत नाहीत, क्वार्टर मोजतात. एका क्वार्टरमध्ये 180 मिली आणि त्यात 61 ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल. मर्यादा तिथेच दीडपटीनं ओलांडली गेली. आता कॅफिन. भारतात कॅफिनयुक्त पेयांत लीटरमागे 145 ते 300 मिलीग्रॅम कॅफिनची मुभा आहे. वरच्या मर्यादेनं 250 मिलीच्या बाटलीत 75 मिलीग्रॅम येतं. तीन बाटल्या झाल्या की 225. एक क्वार्टर आणि तीन बाटल्या ही कुठल्याही लग्नाच्या आदल्या रात्रीची अगदी साधी मात्रा आहे. युरोपच्या तज्ज्ञांनी ज्या मर्यादेत धोका नाही म्हटलं, ती मर्यादा आपल्याकडे कार्यक्रमाला रंग चढायच्या आधीच मागे पडलेली असते. त्या अहवालाचा आधार घेऊन ‘काही होत नाही’ म्हणायचं असेल, तर तो अहवाल शेवटपर्यंत वाचला पाहिजे.

लग्नाच्या आदल्या रात्रीचं उगाच म्हटलं नाही. ग्रामीण महाराष्ट्रात हळदीची रात्र म्हणजे डीजे आणि डीजे म्हणजे मांडवामागचा अंधार. तिथे टेम्पोच्या मागच्या फळीवर प्लास्टिकचे ग्लास ओळीनं मांडलेले असतात. क्वार्टरचं झाकण पिरगाळलं जातं, तिचे दोन-तीन वाटे होतात आणि वरून टपरीवर वीस रुपयांना मिळणारं लालभडक एनर्जी ड्रिंक ओतलं जातं. फेस येतो. दारूचा वास जातो, घशातली जळजळ जाते, रंग कोकम सरबतासारखा होतो. शेजारून चाललेल्या बाईमाणसांना, अगदी घरातल्या वडीलधाऱ्यांनाही, ग्लासात काय आहे ते कळत नाही. जुन्या पिढीतला एखादा मामा म्हणतोच, “अरे, पाण्यात घ्या रे, नाहीतर घेऊच नका.” त्यावर पोरांचं उत्तर ठरलेलं: “मामा, पाण्यात घेतली की झोप येते. आपल्याला सकाळपर्यंत नाचायचंय.”

पोरगं खरं तेच बोलतं आणि सगळा धोका त्याच्या त्या एका वाक्यात आहे. पाण्यात घेतली की झोप येते. तीन पेगांनंतर येणारी ती झोपच त्याला चौथ्या, पाचव्या, सहाव्या पेगपासून वाचवत आली. एका कोपऱ्यात सतरंजीवर आडवा होऊन तो सकाळी डोकं धरून उठला असता, आईच्या चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. लाल बाटलीनं ती झोप काढून घेतली. आता तो नाचतो, पुन्हा मांडवामागे जातो, पुन्हा नाचतो. पहाटे तीनला कुणीतरी म्हणतं, पाहुण्यांना स्टँडवर सोडून ये आणि तो सोडायला निघतो. तो घाबरत नाही, कारण त्याला खरोखरच ठीक वाटत असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पकडला गेला तर पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तपासणीच्या नळीत फुंकल्यावर कॅफिन त्याच्या मदतीला येत नाही. पण बहुतेक गावांच्या रस्त्यावर पहाटे तीनला नळी धरणारं कुणी नसतं. असतो तो उसाचा ट्रॅक्टर, मागच्या ट्रॉलीला दिवे नसलेला.

हे शहरातही आहेच, फक्त भाव वेगळा. पुण्या-मुंबईच्या पबमध्ये वोडका आणि एनर्जी ड्रिंकची जोडी मेनूवर छापलेली असते, जर्मन लिकरचा छोटा ग्लास एनर्जी ड्रिंकच्या मोठ्या ग्लासात सोडून एका दमात प्यायचा प्रकारही असतो. अलीकडच्या वर्षांत नाताळ आणि थर्टी फर्स्टला परमिट रूमना पहाटे पाचपर्यंत परवानगी मिळते. पहाटे पाचपर्यंत दारू पीत जागं राहणं हे माणसाच्या शरीराला आपसूक जमणारं काम नाही. ते जमवून आणायला काहीतरी लागतं आणि ते काहीतरी मेनूवर हजर असतं.

गोव्यात उन्हाळ्यात उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, पितात, लिम्का घालून, मिठाची चिमूट आणि उभी चिरलेली हिरवी मिरची टाकून. लिम्कात कॅफिन नसतं. दारूत काही मिसळणं वाईट, असा माझा दावा नाही. रम आणि कोला तर आपल्याकडे कित्येक दशकं चालत आलंय. कोलातही कॅफिन असतंच, पण 200 मिलीच्या बाटलीत साधारण वीस मिलीग्रॅम. एनर्जी ड्रिंकच्या 250 मिलीच्या बाटलीत त्याच्या तिपटीहून अधिक असू शकतं. ‘आमच्या वेळीही रम-कोला होतंच की’ म्हणणाऱ्या काकांनी हा फरक लक्षात घ्यावा. मात्रा बदलली की पेय बदलतं.

स्कॉटलंडचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये बकफास्ट मठातले बेनेडिक्टाइन भिक्षू एक टॉनिक वाईन बनवतात. तिच्यात 15 टक्के अल्कोहोल आणि 100 मिलीमागे 37.5 मिलीग्रॅम कॅफिन असतं. म्हणजे 750 मिलीच्या एका बाटलीत 280 मिलीग्रॅमच्या घरात. ही वाईन पश्चिम स्कॉटलंडच्या तरुणांमध्ये कमालीची लोकप्रिय झाली. 2010 मध्ये बीबीसीनं पोलिसांकडून माहिती मिळवली, तेव्हा एकट्या स्ट्रॅथक्लाइड भागात तीन वर्षांत पाच हजारांहून अधिक गुन्ह्यांच्या नोंदींत या वाईनचं नाव सापडलं. गरिबी, बेकारी ही कारणं त्या भागात आधीपासून होती, सगळं खापर बाटलीवर फोडता येणार नाही. पण तिथल्या राजकारण्यांनी, पोलिसांनी, डॉक्टरांनी हा प्रश्न उघडपणे चर्चेला घेतला. दारू आणि कॅफिन एकत्र आल्यावर काय होतं, हा सार्वजनिक प्रश्न आहे हे तिथे मान्य झालं. आपल्याकडे तो अजून ‘पोरांची मजा’ या सदरात पडून आहे.

हृदयाबद्दल थोडं. समाजमाध्यमांवर ‘एनर्जी ड्रिंक आणि दारू घेतली, जागीच हार्ट फेल’ असे संदेश फिरतात. तसले संदेश मी पुढे पाठवत नाही, कारण निरोगी तरुणाचं हृदय एका ग्लासानं बंद पडत नाही आणि खोटी भीती घातली की खऱ्या धोक्यावरचा विश्वासही उडतो. शरीरातलं पाणी कमी होण्याचीही अशीच अवाजवी भीती घालतात. लघवी वाढते ती मुख्यतः दारूमुळे, कॅफिनची त्यातली भर लहान. खरी गोष्ट अशी आहे: नुसती दारूही एका बैठकीत जास्त झाली तर हृदयाचे ठोके अनियमित करू शकते. सुट्टीनंतर असे रुग्ण येतात म्हणून डॉक्टरांनी 1978 मध्ये त्याला ‘हॉलिडे हार्ट’ असं नाव दिलं. एनर्जी ड्रिंकचा स्वतंत्र परिणामही मोजला गेलाय. 2019 च्या एका अमेरिकी अभ्यासात 34 निरोगी तरुणांना तासाभरात सुमारे एक लीटर एनर्जी ड्रिंक दिलं, तेव्हा त्यांच्या ईसीजीतला क्यूटी नावाचा अवधी, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, लांबला आणि रक्तदाब वाढला. बहुतेकांना यातून काही होणार नाही. पण काहींच्या हृदयात जन्मजात दोष असतो आणि तो त्यांना ठाऊक नसतो. मांडवामागे उभ्या पोरांपैकी कुणाचा ईसीजी काढलेला असतो?

झोपेचं नुकसान मात्र सगळ्यांचंच होतं. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री एक वाजता घेतलेलं निम्मं कॅफिन सकाळी सहाला रक्तात असतंच. दारूमुळे उत्तररात्रीची झोप तुटक होते ती वेगळीच. सकाळी नऊला कामावर निघालेला माणूस दारू उतरलेला असला तरी झोपलेला नसतो आणि त्याचा रस्ता महामार्गावरून जात असतो.

आता कायद्याकडे येऊ. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी वयाची अट 21, कडक दारूसाठी 25. पिण्याचा परवाना लागतो, तो एक दिवसाचाही मिळतो. हे सगळं कागदावर आहे. कॅफिनयुक्त पेयावर दिवसाला 500 मिलीपेक्षा जास्त घेऊ नये, मुलांसाठी आणि गर्भवतींसाठी योग्य नाही, हे छापावं लागतं. तेही कागदावर, म्हणजे बाटलीच्या मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. जुलै 2024 मध्ये तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत जाहीर केलं, की शाळांपासून 500 मीटरच्या आत जास्त कॅफिनच्या एनर्जी ड्रिंकच्या विक्रीवर बंदी आणू. घोषणा चांगलीच होती. लिथुआनियानं 2014 मध्येच अठरा वर्षांखालच्यांना एनर्जी ड्रिंक विकायला बंदी केली, पोलंडनं 2024 पासून केली. पण शाळेपासूनचं अंतर मोजल्यानं दारूच्या ग्लासाचा प्रश्न सुटत नाही. तो ग्लास वाईन शॉपपासून पाच मीटरवर भरला जातो. दारूच्या दुकानाशेजारच्या टपरीवर सिगारेट, चकली, उकडलेली अंडी, पाण्याचे पाऊच आणि थंडगार एनर्जी ड्रिंक हा चखण्याचा पूर्ण संच मांडलेला असतो. टपरीवाल्याला दोष देत नाही, तो खपतं ते ठेवतो. पण तो काय विकतोय हे दोन्ही खात्यांच्या निरीक्षकांना रोज दिसतं.

मग करायचं काय? सरसकट बंदी घाला, असं मी म्हणत नाही. या राज्यानं दारूबंदीचे प्रयोग पुष्कळ पाहिलेत आणि बंदीखाली विषारी दारूनं गेलेले जीवही पाहिलेत. माझ्या मागण्या साध्या आहेत. परमिट रूम आणि पबमध्ये कडक दारू आणि एनर्जी ड्रिंकची तयार जोडी विकायला, मेनूवर छापायला आणि तिच्यावर ‘एकावर एक’ सारखी सवलत द्यायला मनाई असावी. गिऱ्हाइकानं दोन्ही वेगवेगळं मागवून स्वतः मिसळलं तर त्याला कोण अडवणार, पण दुकानदारानं तसं करून देणं आणि त्याची जाहिरात करणं थांबवता येतं. ज्या रात्री पहाटेपर्यंत परवानगी असते, त्या रात्री निदान बारानंतर बारमध्ये एनर्जी ड्रिंक देऊच नये. आणि बाटलीच्या दर्शनी बाजूला, ब्रँडच्या नावाखाली, मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरांत ‘दारूत मिसळू नका’ असं छापलेलं असावं. तंबाखूच्या पुडीवर चित्र छापायला भाग पाडलं तेव्हाही कंपन्यांनी आकाश कोसळेल असं सांगितलं होतं.

‘सज्ञान माणसाची निवड आहे, सरकारनं कशाला मध्ये पडायचं?’ असं विचारणारे मित्र मला आहेत आणि एरवी मी त्यांच्याच बाजूचा. पण निवड करायला माणसाला स्वतःची अवस्था कळावी लागते. हे मिश्रण नेमकी तीच कळण्याची शक्ती काढून घेतं. शिवाय रात्रीच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यानं, त्याच्या मागे बसलेल्या बाईनं, तिच्या मांडीवरच्या पोरानं कसलीच निवड केलेली नसते.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरात लग्न आहे, ज्यांच्या मंडळाची मिरवणूक आहे, त्यांना एवढं तरी ठाऊक असावं: मिश्रण प्यायलेला माणूस बडबडतोय, हसतोय, नाचतोय म्हणून तो बरा आहे असं समजू नका. त्याच्याकडून किल्ली काढून घ्या, रागावला तरी. तो आडवा झाला तर एकट्याला खोलीत सोडू नका. कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही. कॉफी पाजू नका, ओकारी काढायला लावू नका. हाक मारून, हलवून जागा होत नसेल, श्वास फार हळू किंवा अडखळत चालला असेल, अंग गार आणि ओठ निळसर पडले असतील, तर 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना काय काय प्यायला ते खरं सांगा, एनर्जी ड्रिंकसकट. पुष्कळदा नातेवाईक दारूच लपवतात. लाल बाटलीचा उल्लेख करायचा असतो हे तर त्यांच्या ध्यानीमनीही नसतं. पोलीस येतील, गावात चर्चा होईल, या भीतीनं पहाटेपर्यंत वाट पाहू नका.

बारविषयीच्या माझ्या मागण्यांसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाला विधानसभेत नवा कायदा आणायची गरज नाही. परमिट रूमचे परवाने मुंबई विदेशी मद्य नियम, 1953 खाली दिले जातात आणि दरवर्षी मार्चअखेरपर्यंत त्यांचं नूतनीकरण होतं. त्या नियमांत एक अट वाढवता येते. अन्न व औषध प्रशासनाशी एक संयुक्त बैठक आणि एक अधिसूचना, एवढंच काम आहे. येत्या नूतनीकरणाआधी ते व्हावं आणि आपापल्या आमदारांना, जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क अधीक्षकांना आपण ते लेखी विचारावं. मी माझं पत्र पाठवलं आहे.